वशिंडामागचा भोवरा

दोन हजार चोवीस साल. मला शहात्तरावं लागलं होतं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, पण हाताला काही झालं नव्हतं आणि जनावर हातानंच बघायचं असतं. मालक शिंगं साळतो, तेल चोळतो, गोंडे बांधून उभं करतो. डोळा तिथंच फसतो. हात ओला करून अंगावरनं फिरवला की केस सांगतात कुठं वळलेत ते.

माझी शाळा दुसरीपर्यंत. वडलांची शाळा मात्र मी पुरी केली. केसांचा कुठला भोवरा दुधाचा, कुठला नुसता शोभेचा, कुठला धन्याच्या मुळावर येणारा, हे त्यांनी मला मारून मारून शिकवलं. पुढं म्हसवडच्या, खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक सौदा ठरवायच्या आधी मला हाक मारायचं. मी हात फिरवायचो आणि मान हलवायचो, बस्स. मी नाही म्हटलं की त्या जनावराकडं दिवसभर कुणी फिरकायचं नाही. एकदा जतच्या बाजूचा एक धनगर तीन दिवस पायी चालून जोडी घेऊन आला होता. डाव्या बैलाच्या छातीवर मला भोवरा लागला. मी बोललो, गिऱ्हाईक उठलं. धनगर माझ्या पायाशी बसून कानडी मराठी मिसळून काय काय म्हणत होता. मी उठून दुसऱ्या दावणीला गेलो. त्या दिवशी मला स्वतःचं लय कौतुक वाटलं होतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं शेवटचं. ओढा ओलांडला की आटपाडी तालुका, सांगली जिल्हा. ओढ्याला आठ महिने पाणी नसतं. इकडची शेरडं तिकडं चरतात, तिकडची पोरं इकडच्या दुकानात बिड्या ओढतात, लेकी दिल्या-घेतल्यात. पण सरकारी कागद आला की साताऱ्याचा साताऱ्याला आणि सांगलीचा सांगलीला. कुठलीच योजना ओढा ओलांडत नाही.

आमच्या गावातले एक सुभेदार फौजेतून पेन्शनीवर आले होते. त्यांच्या डोक्यातून हे निघालं. लम्पीच्या साथीत दोन्ही बाजूची खिल्लार जनावरं मेली होती. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यानं जातिवंत खोंडाला गिऱ्हाईक होतं, पण ते आमच्याकडं येत नव्हतं, कारण कुठल्या गावात काय मिळेल याचा भरवसा नव्हता. सुभेदारांनी पाच गावं इकडची आणि चार तिकडची, अशी नऊ गावं मारुतीच्या देवळात बसवली. म्हणाले, एकेकट्यानं ओरडून काय होत नाही. नऊ गावांनी मिळून तीन वळू निवडायचे, सगळ्या गायी त्यांनाच दाखवायच्या, वासरांच्या कानात बिल्ले घालायचे आणि ओढ्याकाठच्या माळावर महिन्यातनं दोनदा बाजार भरवायचा. मग कर्नाटकातला आणि पुण्याकडचा माणूस थेट माळावर येईल. जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर निवड करून देणार होते. ज्याचा वळू निवडला जाईल त्याच्या दारात नऊ गावं पाळीपाळीनं कडब्याची गाडी पोचवणार आणि गायवाला येईल तो आपली बिदागी देणार. वळू असलेल्या घराला बाहेर जायचं कारण उरणार नव्हतं.

पलीकडच्या एकानं विचारलं, "सुभेदार, गाय साताऱ्याची आन् वळू सांगलीचा. मग कालवड कुठल्या जिल्ह्याची?"

"जो जिल्हा पेंड घालील त्याची," सुभेदार म्हणाले.

देवळात हशा पिकला. तेवढ्यात मी उभा राहिलो. म्हणालो, तीन निवडले आणि बाकीचे मोकाट ठेवले तर जात बिघडणारच. निवडीत बसणार नाहीत ते सगळे खोंड त्याच दिवशी, तिथंच खच्ची झाले पाहिजेत. मालकानं रडायचं नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं आत्ताच उठावं. थोडी कुजबुज झाली. पण भोवऱ्याचा माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम माझ्या तोंडून निघाला तो असा. माझा खोंड पहिला येणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

माझी लेक ओढ्यापलीकडं, दोन कोसांवर दिलेली. तिचा नवरा गलाईच्या दुकानात, लांब मद्रासच्या बाजूला. सोनं आटवायचं, तेजाबाच्या धुरात बसायचं. आटपाडी, खानापूरकडची निम्मी माणसं ह्याच धंद्यात पांगलेली. जावई वर्षातनं एकदा यायचा आणि प्रत्येक खेपेला त्याचा खोकला थोडा वाढलेला असायचा. लेक पोरांना, सासूला आणि चार एकर कोरडवाहू रानाला धरून बसलेली. तिनं जावयाला सांगितलं होतं, आपला खोंड निवडला तर दुकान सोडून या. त्यानंही कबूल केलं होतं. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं, भाकरी खाता खाता. मी ऐकलं होतं.

लेकीचा तो खोंडही माझ्याच घरचा म्हणायला हवा. लग्नात मी तिला गाय आंदण दिली होती, तिच्या वंशाचा. तो जन्मला तेव्हा मी तिच्याकडंच होतो. गायीची वार पडायच्या आत मी वासराच्या अंगावरनं हात फिरवला आणि वशिंडाच्या जागेमागं, कण्याच्या डाव्या अंगाला कललेला भोवरा लागला. मुळावरचा. लेकीनं माझं तोंड बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मी तिचा हात धरून तिला तो भोवरा दाखवला आणि म्हणालो की ह्यात काय नसतं. माझ्या नांगराच्या बैलाला असाच होता, त्यानं चौदा वर्षं रान ओढलं आणि मी जिवंत आहे. वशिंड वाढलं की हा झाकून जाईल, तू फक्त कुणाला सांगू नकोस. ती हसली. म्हणाली, नाना, मग बाजारात इतकी वर्षं काय करत होतासा? मीही हसलो होतो.

दुसरी गोष्ट लम्पीची. साथीत माझ्या दावणीच्या खोंडाला अंगभर गाठी आल्या. मी कुणाला कळू दिलं नाही, गोठ्याला गोणपाट लावलं. लेक आली आणि बारा दिवस राहिली. कडुलिंबाच्या पाण्यानं त्याला धुवायची, गाठी फुटल्या तिथं हळद भरायची, पीठ कालवून हातानं चारायची. माझी बायको म्हणायची, पोरगी बाळंतिणीचं करावं तसं करतीया. खोंड वाचला. पण त्यानंतर त्याच्याकडं आणलेल्या गायी गाभण राहीनात. एक नाही, चार नाही. मी मालकांना सांगायचो, गायीतच खोट असेल.

निवडीच्या दिवशी शाळू पोटरीला आला होता. माळावर सतरा खोंड उभे होते. मी माझ्याच्या अंगावर गाठींच्या जागी खडूची पूड चोळून आणली होती. लेक स्वतः खोंडाचा कासरा धरून दोन कोस चालत आली. बाईमाणूस खोंड घेऊन ओढ्यातनं वर येताना बघून माणसं बोलायची थांबली. तो खोंड तिच्या खांद्याला तोंड लावून चालत होता. मला बरं वाटलं, ते नाकारत नाही. शेजारच्याला म्हणालोसुद्धा, माझी लेक आहे.

डॉक्टर टेप घेऊन एकेकाची छाती मोजत, पाय बघत, आईबापाचं विचारून वहीत लिहीत माझ्यापर्यंत आले. खोंडाच्या फऱ्यावर हात फिरवला तशी त्यांची बोटं पांढरी झाली. त्यांनी विचारलं, लम्पी होऊन गेला का? मी म्हणालो, गोचिडाचे डाग आहेत.

लेक पलीकडच्याच दावणीला होती.

"नाना, सांगा की खरं," ती म्हणाली. "डॉक्टर, लम्पी हुता. बारा दिस मीच केलंय त्याचं. नऊ गावच्या गायी हायत, झाकून कसं चालंल?"

आवाज चढवून नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. पण तिनं तोंड उघडलं तसा बाकीच्यांना कंठ फुटला. माझ्याच आळीतला एक जण, जो मला बघून चप्पल काढून बाजूला उभा राहायचा, तो म्हणाला की माझी गाय तीन खेपा आणली, राहिली नाही. दुसरा म्हणाला, माझी दोन. मागनं कुणीतरी बोललं, "नाना, गाईतच खोट आसंल न्हवं?" आणि सतरा खोंडांच्या मालकांत हसू पसरत गेलं. डॉक्टरांनी माझ्या खोंडापुढं रेघ मारली आणि पुढं गेले.

शहात्तर वर्षांत माझ्यावर बाजारात कुणी हसलं नव्हतं.

डॉक्टर लेकीच्या खोंडापाशी लय वेळ थांबले. दोनदा छाती मोजली. शेवटी सुभेदारांना म्हणाले, हा पहिला, ह्यात प्रश्नच नाही. सुभेदारांनी टाळी वाजवली. लेकीनं मोबाईल काढून जावयाला चेहऱ्याचा फोन लावला आणि तो खोंडापुढं धरला. दुकानातल्या काळ्या भिंतीपुढं जावयाचं तोंड दिसत होतं. तो खोकत खोकत हसत होता. ती त्याला म्हणाली, "आता या. पिशवी भरा."

मी उठलो आणि धोतराचा सोगा झाडला. खोंडाजवळ गेलो नाही, होतो तिथूनच बोललो.

"जनावर देखणं हाय. डॉक्टरांचं शिक्षण मोठं हाय. पर कुणीतरी वशिंडाच्या मागं वला हात फिरवा."

एवढंच बोललो. भोवऱ्याचं नावसुद्धा घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर भांडता आलं असतं.

एका म्हाताऱ्यानं कळशीत हात बुडवला आणि फिरवला. मग दुसऱ्यानं. मग रांगच लागली. प्रत्येक जण हात काढून घेताना माझ्याकडं बघायचा, आणि मी दुसरीकडं बघायचो. डॉक्टर सांगत होते, अहो केसांची वळणं आहेत ती, माणसाच्या डोक्यातही असतात. कुणी ऐकत नव्हतं. माझ्या बाजूचे म्हणाले की आम्ही आमच्या गायी ह्याला दाखवणार नाही, घरात पोरंबाळं आहेत.

लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मोबाईल तिच्या हातात तसाच चालू होता.

"नाना, ह्यो भवरा तुमीच मला दावला हुता. माझा हात धरून. तवा काय म्हनला हुता, ते सांगा ह्यास्नी."

सगळा माळ माझ्या तोंडाकडं बघत होता. मी सांगितलं असतं तर त्याच क्षणी हात पुसून सगळे मागं झाले असते, कारण शब्द माझा होता. आणि इतक्या वर्षांचा माझा धंदा खोटा होता असंही त्याच तोंडानं सांगितल्यासारखं झालं असतं, जे लोक आत्ताच माझ्यावर हसले त्यांच्यापुढं.

"मला काय आठवत न्हाई," मी म्हणालो.

मोबाईलमधनं जावयाचा आवाज आला, "मामा, आवं मामा..." तिनं फोन बंद केला.

पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. पलीकडची माणसं म्हणाली, आमचा पहिला वळू साताऱ्यावाल्यांनी पाडला, आता तुमचेही बघू. त्यांनी कळशी उचलली आणि आमच्या बाजूच्या खोंडांवर ओले हात फिरवायला लागले. ज्याला भोवरा आणि खवडा यातला फरक कळत नाही तोसुद्धा जाणकार झाला. एकाला पोटाखाली सापडला, एकाला कानामागं. मग आमचे त्यांच्यावर घसरले. लेकी दिल्या-घेतलेली माणसं एकमेकांचे आईबाप काढायला लागली. सुभेदार मध्ये उभे राहून हात वर करत होते. कुणीतरी म्हणालं, तुमचा हुकूम पलटणीत चालवा. दुपार कलली तेव्हा माळावर भोवरा नसलेला एकही खोंड उरला नव्हता. डॉक्टरांनी टेप गुंडाळला. वहीतली पानं फाडून सुभेदारांच्या हातात दिली. सुभेदार माझ्यापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "नाना, नऊ गावं गोळा करायला मला दोन वर्षं लागली." मी त्यांना तंबाखू पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

माणसं खोंड सोडून निघाली. लेक जागची हलली नव्हती. ती डॉक्टरांना म्हणाली, खच्ची करायचा चिमटा आणलाय ना? डॉक्टर म्हणाले, ताई, आता योजनाच मोडली, कशाला? ती म्हणाली, "वळू म्हून गाय कोन आननार न्हाई. खोंड म्हून कोन इकत घेनार न्हाई. बैल करून नांगराला तरी जुपीन. आन् नियम झालाय, न्हवं का?"

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मुंडकं तुमी धरा."

मला नकार देता आला असता. पण माणसं थांबली होती, बघत होती, आणि मी कुठल्या जनावराला घाबरून मागं सरलोय असं कुणी कधी बघितलं नव्हतं. दोरानं त्याला आडवा पाडला. मी गुडघ्यावर बसून त्याचं मुंडकं मांडीवर दाबलं. त्याचा गरम श्वास माझ्या तळहातावर येत होता. चिमट्याचा आवाज अडकित्त्यात सुपारी कातरावी तसा आला. एकदा आणि मग दुसऱ्यांदा. खोंड हंबरला नाही, नुसतं अंग ताणून लांबला. लेक त्याच्या शेपटाकडं उभी होती आणि पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती. तो उठला तेव्हा पाय फाकून उठला. तिनं कासरा घेतला आणि ओढ्यात उतरली. त्यानंतर तिनं माझा उंबरा शिवलेला नाही. जावई अजून तिकडंच आहे.

दिवस मावळताना घरी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. बायकोनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि चुलीपुढं पाठ करून बसली. हात धुवायला उठलो तेव्हा म्हणाली, "लेकीच्या खोंडाला नियम लागला. आपल्याचा काय कराचा इचार हाय?"

खोंड दारात गवत खात उभा होता, खडूची पूड अजून अंगावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हौदावर नेऊन घासून धुतला. पूड गेली, डाग उघडे पडले. कासरा धरून चालत दवाखान्यात नेला. डॉक्टर नुकतेच कुलूप काढत होते. म्हणाले, नाना, आता गरज नाही, नऊ गावांचं काही राहिलंच नाही. मी म्हणालो की नियम मी बोललो होतो, तुम्ही नव्हे. ते म्हणाले, विचार करा, तुमचं वय झालंय, हा एवढाच आहे तुमच्याकडं. मी म्हणालो, चिमटा काढा. शिपाई दोर घेऊन आला आणि मुंडकं धरायला पुढं झाला. त्याला बाजूला सारून मी स्वतः धरलं.

परत येताना गावामागनं पाणंदीची वाट आहे, तिथनं कुणी बघत नाही. मी त्याला चावडीपुढनं आणला. कट्ट्यावर कालचेच सगळे बसले होते. खोंड पाय फाकून सावकाश चालत होता, म्हणून मीही सावकाश चाललो. कुणी राम राम घातला नाही. मी मान खाली घातली नाही.